पुंगली पुलाजवळची रात्र आणि वडिलांची वही

पत्राचा गोषवारा : विश्रांतवाडी परिसरात राहणाऱ्या ५१ वर्षांच्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. त्यांचे वडील सैन्याच्या छत्रीधारी (पॅराशूट) दलातील दुसऱ्या पॅरा (मराठा) पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी पुण्यात बँकेत सुरक्षारक्षकाचे काम केले. बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील (आजच्या बांगलादेशातील) टांगाइलजवळ, पुंगली पूल ताब्यात घेण्यासाठी विमानांतून उतरलेल्या छत्रीधारी सैनिकांमध्ये ते होते. पुण्यात आणि आसपास स्थायिक झालेले त्यांचे जुने सोबती दर वर्षी त्या तारखेला कुटुंबांसह जमत असत. निरोप, वर्गणी, जेवण हे सारे वडीलच पाहत. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि हा मेळावा लेकीच्या अंगावर आला. एके काळी चाळीसजण येत, गेल्या वर्षी स्वतः उडी घेतलेले सहाच आले. त्यांतील एक ज्येष्ठ स्मृतिस्तंभासाठी निधी जमवावा म्हणतात, बाकीच्यांना स्मरणिका हवी आहे. बाईंच्या मुलांना यात रस नाही. स्मरणिकेसाठी वडिलांची वही उघडली तेव्हा एक नवाच पेच निघाला. ज्या सोबत्याच्या नावाने त्याच्या गावात ‘पुंगली पुलाचे वीर’ अशी कमान उभी आहे, तो उतरताना तळ्यात पडून पायाला जबर दुखापत झाल्यामुळे एका शेतकऱ्याच्या घरी ठेवावा लागला, असे वहीत लिहिले आहे. तो आता हयात नाही. ‘आजोबा पुलावर सगळ्यांत पुढे होते’ असा लेख त्याच्या नातवाने स्मरणिकेसाठी पाठवला आहे. बाई विचारतात : ‘काय छापू? की हे सगळे सन्मानाने इथेच थांबवू? शेवटचा माणूस गेला की पलटण संपणारच आहे.’

उत्तर :

ताई, आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे ओझे त्या वाक्यावर रचलेले आहे. शेवटचा माणूस गेला की पलटण संपेल, असे आपण लिहिता. पलटण संपत नाही. आपल्या वडिलांची पलटण १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. त्यापूर्वी ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन होती आणि १९४७-४८ मध्ये काश्मीरच्या युद्धात झांगरच्या लढाईत उतरली होती. त्याही आधी, १० जुलै १९४४ रोजी, याच तिसऱ्या बटालियनच्या नाईक यशवंत घाडगे यांनी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतील बाकी सगळे मेले वा जखमी झाले असताना, एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर धाव घेतली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. आपले वडील भरती झाले तेव्हा त्यांच्या आधीच्या कित्येक पिढ्या पलटणीतून निवृत्त होऊन गेल्या होत्या, आणि आजही त्या पलटणीत तरुण मुले आहेत. तिची काळजी घ्यायला ती समर्थ आहे.

तरीही आपली भीती खोटी नाही, फक्त तिचा रोख दुसरीकडे हवा. संपत चालली आहे ती प्रश्न विचारला तर उत्तर देऊ शकणारी आठवण. १९७१ मध्ये वीस-बावीस वर्षांचे असलेले जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. पुस्तकात नसलेले काही विचारायचे असेल, उदाहरणार्थ विमानाचे दार उघडले तेव्हा शेजारी कोण होते, पहिल्या रात्री काय खाल्ले, भीती वाटली का, तर त्यासाठी आपल्याकडे सहा माणसे आहेत. मेळाव्याला किती खुर्च्या भरतात यापेक्षा या सहा माणसांशी आपले बोलणे झाले आहे की नाही, हा खरा तातडीचा प्रश्न आहे. माझे एक मामा त्याच युद्धाच्या वेळी सैन्याच्या संदेशवहन विभागात होते. आम्ही भाचरांनी त्यांना कधीच काही विचारले नाही, आणि ते गेल्यावर आमच्याकडे त्यांची ट्रंक उरली, जिच्यातल्या फोटोंतील एकाही चेहऱ्याचे नाव आम्हाला सांगता येत नाही. म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहिते आहे.

आता वहीकडे येऊ. आपण पेच असा मांडला आहे की एकीकडे वडिलांनी लिहिलेले सत्य आहे आणि दुसरीकडे गावाने जपलेली दंतकथा आहे, आणि दोहोंपैकी एक निवडायचे आहे. आपण उतरवून पाठवलेला मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला. वडील लिहितात की संध्याकाळी त्यांनी सोबत्याला तळ्यातून ओढून काढले, गावातल्या दोघांच्या मदतीने एका शेतकऱ्याच्या घरी नेले, रायफल आणि पाणी त्याच्याजवळ ठेवले आणि ते स्वतः जमण्याच्या ठरलेल्या जागेकडे धावले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा दिसला. म्हणजे संध्याकाळ आणि दुसरी दुपार वहीत आहे. मधली रात्र वहीत नाही. तो रात्रभर त्या घरात होता, की लंगडत पुलाकडे गेला, हे वडिलांनी पाहिलेले नाही आणि पाहिल्याचा दावाही केलेला नाही. प्रामाणिक माणसाच्या टिपणाची हीच खूण असते. तेव्हा ‘वही खरी आणि गाव खोटे’ असा निकाल वहीच देत नाही. तो आपण, थोड्या घाईने, तिच्या तोंडी घातला आहे.

त्या संध्याकाळचे चित्र डोळ्यांसमोर आणले तर हे अधिक स्पष्ट होईल. जमालपूर आणि मैमनसिंगकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ९३ व्या ब्रिगेडची वाट अडवण्यासाठी लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घ्यायचा होता. पश्चिम बंगालमधील डमडम आणि कलाईकुंडा येथून निघालेल्या विमानांतून लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली सुमारे ७०० जवान उतरले, तेव्हा दुपार कलत आली होती. उडी घेतलेली माणसे कधीच एका रांगेत जमिनीवर येत नाहीत. ती शेतांत, तळ्यांत, झाडांत विखुरतात, त्यांचे जड सामान आणखी दूर पडते, आणि अंधार पडत असताना सगळ्यांना एकमेकांना शोधायचे असते. त्या दिवशी गावकऱ्यांनी दारूगोळा वाहून नेण्यास मदत केली, कादर सिद्दिकी यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिवाहिनीचे, म्हणजे बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या बंगाली सैनिकांचे, लोक त्या भागात आधीपासून होते, आणि पूल त्याच संध्याकाळी ताब्यात आला. रात्रभर माघार घेणाऱ्या फौजेशी चकमकी चालल्या. १२ डिसेंबरला उत्तरेकडून जमिनीवरून आलेली पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, त्यांना येऊन मिळाली. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकणातली माणसे एका नदीकाठी, काही आकाशातून आणि काही चिखलातून, एकमेकांना भेटली ती अशी. इतक्या धुमश्चक्रीतून आलेल्या प्रत्येक माणसाची हकिगत थोडी वेगळी असणारच, आणि ती वेगळी आहे म्हणून कोणी खोटे ठरत नाही.

याच कारवाईविषयीची एक गोष्ट आपल्या स्मरणिकेत अवश्य यावी. टांगाइलच्या उडीचे म्हणून जे छायाचित्र त्या वेळी जगभर छापले गेले, ते त्या दिवसाचे नव्हतेच. प्रत्यक्ष उडीचे छायाचित्र हाताशी नसल्यामुळे सैन्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्याने आग्र्यातील आधीच्या एका सरावाचे छायाचित्र दिले होते. बातम्यांत सातशेऐवजी पाच हजार जवान उतरल्याचे आकडे आले आणि ढाक्यातील पाकिस्तानी सेनापतींच्या मनावर त्याचा दबाव आला, असे म्हटले जाते. छायाचित्र त्या दिवसाचे नव्हते म्हणून उडी खोटी ठरली नाही, आणि उडी खरी होती म्हणून ते छायाचित्र त्या दिवसाचे झाले नाही. या दोन्ही गोष्टी एका पानावर शेजारी छापता येतात आणि वाचकाला त्या समजतात. मला वाटते, कमानीच्या बाबतीतही हेच करायचे आहे.

शिवाय, तो रात्रभर त्या घरातच होता असे मानले, तरी शेतकऱ्याच्या घरातली रात्र ही कमी प्रतीची आठवण आहे, असे आपण का धरून चालला आहात? शत्रूची फौज रस्त्यावरून जात असताना एका परक्या सैनिकाला घरात ठेवून घेणाऱ्या त्या बंगाली कुटुंबाने काय पत्करले होते, याचा विचार करा. मोडक्या पायाने, भाषा न कळणाऱ्या घरात, बाहेरचा गोळीबार ऐकत पडून राहणे हे धैर्य नाही, असे कोण म्हणेल? पुलावरच्या लढाईविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. त्या घराविषयी आपल्या वडिलांखेरीज कोणी लिहिले असेल असे वाटत नाही. स्मरणिकेतले सर्वांत मोलाचे पान कदाचित तेच असेल.

पण ते छापण्याचा पहिला अधिकार आपला नाही. हयात नसलेल्या सोबत्याच्या पत्नी, ज्यांना आपण पत्रात काकू म्हटले आहे, त्यांचा आहे. त्यांनाही आपण एक गोष्ट न विचारता लावून टाकली आहे : हे कळले तर त्यांना धक्का बसेल. मला तसे वाटत नाही. ज्या बाईने पन्नास वर्षे त्या माणसाबरोबर संसार केला, तिला थंडीत कोणता पाय ठणकतो हे माहीत असते, आणि तो का ठणकतो हेही बहुधा तिने कधीतरी विचारलेले असते. कमान उभी राहिली तेव्हा त्या गप्प बसल्या असतील, तर त्या गप्प बसण्यालाही कारण असेल. ते ऐकून घ्यावे. त्यांनी ‘नको’ म्हटले तर ते पान छापू नये, मात्र ते फाडू नये आणि कोणाच्या भल्यासाठी त्यात बदलही करू नये. वहीच्या सर्व पानांची प्रत काढून, वही कोणाची, कधी लिहिली आणि प्रत कोणी केली हे नोंदवून ती जपून ठेवावी. नातवाचा लेख त्याच्या नावाने, ‘आमच्या घरात सांगितली जाणारी आठवण’ अशा शब्दांत छापावा. तो लेख खोडून त्या मुलाचा अपमान करण्याचे कारण नाही, आणि संपादक म्हणून त्यातील दाव्याखाली आपली सही देण्याचेही नाही.

काकूंचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट जरा विस्ताराने सांगते, कारण अशा मेळाव्यांत ती नेहमी राहून जाते. आपण हयात सैनिक मोजले, तेव्हा सहा भरले. त्या युद्धाची आठवण असलेली माणसे मोजली असती तर आकडा मोठा आला असता. ज्या बायका डिसेंबरच्या थंडीत गावातल्या एकुलत्या एका रेडिओभोवती बसून बातम्या ऐकत होत्या, ज्यांना नवऱ्याची पलटण नेमकी कुठे आहे हे ठाऊक नव्हते, ज्या पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकून ‘तार तर नाही ना’ म्हणून दारात थिजत होत्या, त्या मेळाव्याला येतात, पंगतीत वाढतात आणि माइकसमोर कधी येत नाहीत. पत्र वाचून दाखवायला कोणाला बोलवावे लागे, मनीऑर्डर उशिरा आली तर किराणा कोण उधारीवर देई, परत आलेला माणूस पहिल्या रात्री झोपला की नाही, हे सगळे पलटणीच्या इतिहासातच येते. आपल्या आईही हयात आहेत, असे पत्रात ओझरते आले आहे. वडिलांच्या वहीसाठी आपण पत्र लिहिलेत; आईंना मात्र अजून काही विचारलेले दिसत नाही. सुरुवात त्यांच्यापासून करा.

विचारायचे कसे, याविषयी थोडे. मेळाव्याच्या दिवशी ध्वनिमुद्रण करू नका. तिथे गोंगाट असतो, आणि चारचौघांत माणूस तीच पाठ झालेली हकिगत सांगतो. एकेकाच्या घरी जा, मोबाइल टेबलावर ठेवून तो सुरू आहे हे सांगा, पंखा बंद करा आणि पाऊण तासाच्या पुढे जाऊ नका. लागले तर पुन्हा जा. थेट युद्धाला हात घालू नये. भरतीला कोणाबरोबर गेलात, आग्र्याच्या पहिल्या जंपच्या आधी जेवलात का, छत्री उघडल्यावर पहिल्यांदा काय ऐकू आले, अशा प्रश्नांनी माणूस मोकळा होतो. जिथे ते थांबतील तिथे आपणही थांबावे. काही गोष्टी सांगण्याने म्हाताऱ्या माणसाची झोप जाते, आणि ती घालवून इतिहास जमवण्याचा कोणालाही हक्क नाही. दोघांच्या सांगण्यात फरक आला तर त्यांना समोरासमोर बसवून सोक्षमोक्ष लावू नये. दोन्ही ठेवावेत, सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह. सांगितलेले कोठे वापरले तर चालेल, हे त्याच बैठकीत विचारून त्यांच्याच आवाजात नोंदवून घ्यावे.

जुने फोटो लॅमिनेट करू नयेत. मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीने, अजिबात न दाबता, नावे लिहावीत. बॉलपेन वापरू नये. एकेक फोटो हातात देऊन ‘हा कोण?’ एवढेच विचारले तरी तासभर बोलणे होते. डिस्चार्ज बुक, १९७१ च्या युद्धासाठी मिळालेले ‘पूर्वी स्टार’ किंवा ‘संग्राम’ पदक, घरी आलेली आंतर्देशीय पत्रे यांची स्वच्छ छायाचित्रे घेऊन मूळ वस्तू त्या त्या घरीच राहू द्याव्यात. सगळे एका ट्रंकेत गोळा करण्याचा मोह होतो, पण एका घरातल्या वाळवीने साऱ्यांचा ठेवा जाऊ नये. डिजिटल प्रती मात्र निदान तीन घरांत हव्यात. वहीसारखा एखादा दस्तऐवज पुढेमागे संस्थेकडे द्यावासा वाटला, तर १९१० पासून कागदपत्रे जपणारे भारत इतिहास संशोधक मंडळ आपल्याच शहरात आहे. कागद कसे राखावेत हे निदान तिथे विचारता येईल. पलटणीचा आणि रेजिमेंटचा स्वतःचा इतिहास असतोच, म्हणून बंगळुरूच्या पॅराशूट रेजिमेंट प्रशिक्षण केंद्राला एक रीतसर पत्र लिहून आपण काय जमवत आहात ते कळवावे. एक सावधगिरी पाळायलाच हवी : ही पलटण आता विशेष दलांपैकी आहे, तेव्हा ज्यांची मुले-नातवंडे सध्या सेवेत आहेत त्यांची नावे, फोटो, नेमणुकीच्या जागा स्मरणिकेत किंवा समाजमाध्यमांवर येता कामा नयेत.

स्तंभाविषयी माझे मत स्पष्ट आहे : नको. घोरपडीला दक्षिण कमांडचे राष्ट्रीय युद्धस्मारक आहे, ते नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आणि १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झाले. पुणेकरांनी हे काम एकदा केलेले आहे. नवा स्तंभ म्हणजे जागा, परवानगी, निधी, कोनशिलेवर नावे कोणाची यावरून रुसवे, आणि त्यात जाणारी तीन-चार वर्षे, जी या सहा माणसांच्या हाती नाहीत. ज्या ज्येष्ठांनी हे सुचवले त्यांना मात्र नुसते ‘नाही’ म्हणू नका. स्तंभावर जे कोरून घेण्याची त्यांची इच्छा आहे, ते त्यांच्या तोंडून सर्वांत आधी ध्वनिमुद्रित करा. बहुधा त्यांना दगड नको असतो, कोणीतरी ऐकावे एवढेच हवे असते.

मेळावा थांबवू नये, लहान करावा. संध्याकाळऐवजी सकाळी उन्हात, भाषणांशिवाय, युद्धस्मारकावर रीतसर विचारून पुष्पचक्र, मग कोणाच्या तरी घरी चहा-पोहे, आणि एखाद्या नातवंडाने आदल्या वर्षी टिपलेल्या आठवणीतले एक पान वाचणे, एवढे पुरे आहे. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्याकडे त्याच दिवशी कोणी तरी जावे. आणि त्या भेटीत कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद, आजारपण, पत्नीच्या नावातील चूक अशा गोष्टीही विचाराव्यात. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुण्यातच आहे, आणि पंचाहत्तरीच्या माणसाला तिथे सोबत घेऊन जाणे ही त्याच्या पराक्रमाची सर्वांत उपयोगी आठवण आहे.

मुलांना रस नाही असे आपण म्हणता. त्यांना आजवर मागच्या रांगेत बसून भाषणे ऐकण्यापलीकडे काय दिले गेले, हे विचारून पाहा. मुलगा संगणकाचे काम करतो, मुलगी चित्रकला शिकते, असे आपण लिहिले आहे. वही टंकलिखित करण्याचे काम मुलाला द्या, आणि तळे, शेतकऱ्याचे घर, जमण्याची जागा आणि पूल यांचा वहीवरून नकाशा काढायला मुलीला सांगा. त्यांना आजोबांचा अभिमान वाटावा अशी अट घालू नका. अक्षर लागले नाही म्हणून मुलगा जेव्हा सहापैकी एका आजोबांना फोन करील, तेव्हा पुढचे आपसूक होईल.

आणि या सगळ्याला आपण एकट्याच जबाबदार आहात, हेही खरे नाही. वडिलांनी एकट्याने सांभाळले कारण त्यांना ते आवडत होते. आपल्याला नोकरी आहे, आई आहे. सहा घरे सहाजणांनी वाटून घेतली तर एका वर्षात एकेकीला एकच घर येते. नातू इतका उत्साही आहे की त्याने न मागता लेख पाठवला. त्याला यात घ्या. तो गावातला आहे, आणि काकूंशी बोलताना तो शेजारी बसलेला असावा.

तर पुढच्या रविवारी त्या गावी जा. फोनवर हे बोलू नका. वहीची मूळ प्रत घरी ठेवा, त्या पानाची झेरॉक्स पर्समध्ये असू द्या, पण ती लगेच बाहेर काढू नका. आधी आईंनी काकूंना १९७१ च्या डिसेंबराविषयी विचारावे. त्या दोघींनी तो महिना एकाच तऱ्हेने काढलेला आहे. आपण आणि नातवाने ऐकावे. त्या बोलता बोलता पायाचा विषय स्वतःहून निघाला, तर पान त्यांच्या हातात द्या आणि नातवाला ते मोठ्याने वाचायला सांगा.